भागीरथक्काची चीटी आणि सोनगरुडाचं पान

भागीरथीबाईनं भर दुपारी, दार सताड उघडं टाकून, एका दाढीवाल्या पोराचा हात धरला. धरला तो धरला, वर सोडलाही नाही. बळेपेठेतल्या आमच्या गल्लीत ही कुजबुज निघाली ती समोरच्या गोजराबाईच्या खिडकीतून. संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे पोचली, तोवर तिला वेलदोडा-केशर लागलं होतं: पोरगा गाडीतून आला होता, गोरापान होता, आणि "मला नको" असं कोणीतरी ओरडून म्हणालं होतं. कोण म्हणालं यावर मात्र गल्लीत दोन पक्ष पडले.

आता ज्या बाईबद्दल हे चाललं होतं ती पाहा. साठी ओलांडलेली, चष्म्याची एक काडी शिलाईच्या दोऱ्यानं बांधलेली, दिवसभर साड्यांना फॉल-पिको करून मान वाकडी झालेली. तिचा नवरा विठ्ठलराव त्या दुपारी त्याच खोलीत हातभर अंतरावर चिवडा खात बसला होता. पण विठ्ठलरावांचा जन्म पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, प्रेस-मशीनपाशी गेला. कान तिथंच राहिले, माणूस तेवढा पेन्शनीवर घरी आला. तेव्हा साक्षीदार म्हणून ते कुचकामी.

भागीरथीबाईला सगळी गल्ली भागीरथक्का म्हणते. तिचं घराणं इथं कानडी मुलखात कधी आलं ते विचारू नका, सांगायला बसली की थेट शहाजीराजांच्या लष्करापासून सुरू करते. तिचा खरा मान मात्र घराण्याचा नव्हे, चीटीचा. पुण्यामुंबईकडे जिला भिशी म्हणतात तीच आमची चीटी. बायका दर महिन्याला पैसे घालतात, नावांच्या चिठ्ठ्या डब्यात पडतात, एक निघते, त्या महिन्याची रक्कम तिची. भागीरथक्काच्या चीटीचे दोन कायदे. एक, चिठ्ठी निघताना दार उघडं हवं, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसलं पाहिजे. दुसरा, निघालेलं नाव पुन्हा डब्यात जात नाही. म्हणजे आज नाही तर उद्या, प्रत्येकीचा नंबर लागतोच. गल्लीतल्या बायका बँकेतल्या साहेबाला दोन प्रश्न जास्त विचारतील, पण अक्काच्या डब्याकडे वळूनही बघणार नाहीत.

आणि दुसरा नाद पत्त्यांचा. खेळते झकास, हरते मात्र फार वाईट. हरली की समोरच्याच्या कॉफीत साखर घालायला विसरते. घरी भिडू मिळेनासे झाले ते त्यामुळेच, असं गोजराबाई म्हणते, आणि एवढ्यापुरतं गोजराबाईवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तर अशा बाईच्या हातात शेजारच्या शिल्पाश्रीनं मोबाईल दिला आणि त्यात 'रणपट' नावाचा पत्त्यांचा खेळ घालून दिला. शिल्पाश्री साड्यांच्या दुकानात हिशेब बघते. पोरगी गुणी, पण हौशी. खेळ असा: तुमच्याकडं पानं असतात. हत्ती, घोडेस्वार, बुरूज, तोफा. आपली पानं निवडून डाव मांडायचा आणि कुठल्या तरी गावच्या अनोळखी माणसाशी लढायचं. रोज एक पाकीट फुकट मिळतं, त्यात साधी पानं. जास्त पाकिटं हवी तर पैसे मोजा. पाकीट फोडेपर्यंत आत काय ते कळत नाही. आणि सगळ्यांत वरचं पान म्हणजे सोनगरुड. तो ज्याच्याकडं, त्याच्यापुढं तुमचे हत्ती-घोडे शेळ्या.

अक्का महिन्याभरात तरबेज झाली. पिको करता करता मशीनशेजारी फोन टेकवून खेळायची. पाठोपाठ चीटीतल्या सगळ्या बायका खेळायला लागल्या. पण दर दोन डावांनी कोणीतरी सोनगरुडवाला भेटायचा आणि यांची धूळदाण करून जायचा.

"अक्का, हा गरुड मिळतो कसा?" शिल्पाश्रीनं विचारलं.

अक्कानं पाकिटाखालचं बारीक लिखाण भिंगातून वाचलं. शंभर पाकिटांत एक, असं काहीसं होतं. तिचा चेहरा उजळला.

"अगं, ही तर चीटी! शंभर चिठ्ठ्यांत एक गरुडाची. काढत गेलं की डबा रिकामा होत जाणार. आज नाही तर उद्या नंबर लागणारच."

"नक्की ना?"

"माझ्या डब्यात कोणाचा नंबर लागायचा राहिलाय आजवर?"

बस्स. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर बायकांनी दहादा विचार केला असता. अक्कानं सांगितलं म्हटल्यावर घरोघर पाकिटं फुटायला लागली. कोणी भाजीतले वाचवले, कोणी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातले. शिल्पाश्रीनं तर दिवाळीच्या साडीवर पाणी सोडलं. शंभरी कधीच उलटली. हत्ती आले, घोडे आले, त्याच त्या तोफा पुन्हा पुन्हा आल्या. गरुड काही येईना.

बायका अक्काला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. चीटीच्या दिवशी डब्यातून चिठ्ठी निघाली, आणि पहिल्यांदाच कोणीतरी हळूच म्हणालं, "अक्का, डबा स्वल्प दाखवता का?"

अक्कानं डबा उलटा करून दाखवला. पण त्या रात्री विठ्ठलरावांच्या ताटात आमटी दोनदा वाढली गेली आणि भात एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतली इरकल नेसली, मॅजेस्टिकला मेट्रो धरली आणि महादेवपुऱ्याला गेली. 'रणपट' काढणारी कंपनी तिथं एका काचेच्या इमारतीत बसते. खालच्या मुलीनं इंग्रजीत विचारलं, अक्कानं कन्नडात सांगितलं, रखवालदार देवाप्पानं तमिळमिश्रित काहीतरी जोडलं, आणि शेवटी "मराठी बोलणारा एक आहे" म्हणून वरून रणवीरला बोलावलं. हाच तो दाढीवाला. पुण्याचा, तिशीचा, ग्राहकांच्या तक्रारी बघणारा, पायात हिरवे बूट.

"बोला काकू, काय प्रॉब्लेम झालाय?"

"आमचा नंबर लागलेला नाही."

"कसला नंबर?"

"गरुडाचा. शंभरात एक म्हणता. आम्ही बायकांनी मिळून शंभराच्या वर पाकिटं फोडली. डबा रिकामा झाला असेल की. मग आमचा गरुड कुठाय?"

रणवीर हसला. हसू वाईट नव्हतं, पण हसला खरा. "काकू, अ‍ॅक्च्युअली तसं नसतं. प्रत्येक पाकीट वेगळं. आधी किती फोडली याचा काही संबंध नाही."

अक्कानं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे काढलेली चिठ्ठी तुम्ही परत डब्यात टाकता?"

"म्हणजे... हो. तसंच म्हणा ना."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग हजार पाकिटं फोडली तरी एखादीचा नंबर कधीच लागणार नाही, असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं काकू. पण सगळं लीगल आहे. खाली लिहिलंय."

"खाली शंभरात एक लिहिलंय. चिठ्ठी परत टाकतो असं कुठं लिहिलंय? आमच्यात एखादीनं असं केलं, तर तिच्या दारात पुन्हा कोणी चप्पल काढत नाही."

"काकू, चूक तुमच्या समजुतीची आहे," रणवीर म्हणाला. आणि ते खरंच होतं.

"सरी, बरं," अक्का म्हणाली. "माझ्या चुकीचं मी बघते. तुमचं तुम्ही बघा."

परत आली ती थेट बायकांना जमवून बसली. दार उघडं. गोजराबाईही आली, कारण फुकटची करमणूक ती चुकवत नाही. अक्का उभी राहिली आणि म्हणाली, "मी चुकले. ही चीटी नव्हे. इथं कोणाचाच नंबर यायचा असा नेम नाही. माझ्या शब्दावर तुम्ही पैसे घातलेत. आता ऐका. आजपासून या गल्लीत एक पाकीट विकत घ्यायचं नाही. फुकटच्या पानांवर खेळायचं."

"आणि हरायचं?" शिल्पाश्री म्हणाली.

"हरायचं. पण त्यांचा गरुड विकतचा आहे हे ओळखून हरायचं. आणि एखाद्या दिवशी साध्या तोफेनं पाडला ना, तर सगळ्या गल्लीला माझ्याकडून जिलेबी."

जिलेबी तिला लवकरच द्यावी लागली. एका रविवारी तिनं कुठल्याशा गरुडवाल्याला दोन बुरूज आणि एका म्हाताऱ्या हत्तीनं असा कोंडला, की ती मशीनवरून उठून ओरडली आणि सुई बोटात गेली. विठ्ठलरावांनासुद्धा ऐकू आलं. "काय, गॅस संपला?" म्हणाले.

पण ती तेवढ्यावर थांबायची नव्हती. जिथून खेळ उतरवून घेतात तिथं लोक चांदण्या देतात आणि मत लिहितात, हे तिला शिल्पाश्रीनं दाखवलं. अक्कानं एक चांदणी दिली आणि लिहिलं: "इथं नंबर लागत नाही. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकतात. विकत घेणाऱ्यांनी समजून घ्यावं. भागीरथी, बळेपेठ." पत्तासुद्धा लिहिला असता, शिल्पाश्रीनं हात आवरला. खाली दुसऱ्या बायकांनी कन्नडात, उर्दूत तेच लिहिलं. मग कोण कुठल्या गावचे लोक तेच वाक्य उचलून टाकायला लागले: काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकतात. कंपनीनं उत्तर दिलं, आपल्या मताबद्दल आभार. त्याखाली अक्कानं लिहिलं, आभार नकोत, पाकिटावर लिहा.

आणि मग एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली. गाडी आत शिरेना, कारण केळीवाल्याचा गाडा हलेना. रणवीर चालत आला. तेच हिरवे बूट.

"या," अक्का म्हणाली. "बूट बाहेर. दार राहू दे उघडं."

"काकू, मी ऑफिसकडून नाही, पर्सनली आलोय."

"गाडी पर्सनल दिसत नाही ती."

रणवीर खुर्चीच्या काठावर बसला. विठ्ठलरावांनी चिवड्याची वाटी पुढं केली, त्यानं दोन शेंगदाणे घेतले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, वरचे लोक वैतागलेत. तुमचं ते वाक्य सगळीकडं पसरलंय. मी तुमच्यासाठी भांडलो. तुम्हाला सोनगरुड मंजूर करून घेतलाय. फ्री. फक्त ती एक चांदणी काढा."

"मला?"

"तुम्हाला."

"आणि शिल्पाश्रीला?"

"तेवढं नाही जमणार. कुणाला सांगूही नका, प्लीज. मला प्रॉब्लेम होईल."

अक्काच्या फोनवर पान आलंसुद्धा होतं. मशीनशेजारी टेकवलेल्या काचेवर सोनेरी पंख हलत होते. खाली एक हिरवं बटण: भेट स्वीकारा. पत्त्यांत हरली की साखर विसरणारी ही बाई. वर्षभर ज्या पाखरानं तिला लोळवलं, ते तिच्या पिकोच्या धाग्यांत येऊन बसलं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ.

"लाजू नका काकू, मीच दाबून देतो," रणवीर म्हणाला आणि वाकला.

पुढचं गोजराबाईनं पाहिलं, पण समोरच्या खिडकीतून तिला धड ऐकू आलं नाही. खरं ते असं. तो हिरवं बटण दाबत होता म्हणून भागीरथक्कानं त्याचं मनगट धरलं. "मला नको" असं तीच ओरडली. त्यानं दुसऱ्या हातानं पान परत पाठवेपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही, आणि चांदणी आजही एकच आहे.