हौसाबाईंचं लाटणं

आमच्या ऑफिसात हौसाबाईंइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कितीदा तरी म्हटलं आहे. नव्या पनवेलच्या कडेला माशांच्या रोगांवर संशोधन करणारं एक जुनं सरकारी केंद्र होतं. तिथे मी कारकून आणि त्या सफाईला. इमारत म्हणजे सगळा आनंद. एसीचं पाणी भिंतीतून झिरपायचं, वायरी जागोजागी सोललेल्या. एकदा ओलं फडकं घेऊन लोखंडी कपाट पुसताना हौसाबाईंना असा झटका बसला की त्या मागच्या टेबलावर जाऊन आदळल्या. तेव्हापासून त्या पिशवीतून लाटणं आणू लागल्या. दिवा असो, पंखा असो, प्रत्येक बटण लाटण्याच्या टोकाने दाबायच्या. त्यांच्या चिरनेरच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या हातावर थापतात, त्यामुळे त्यांचं लाटणं फक्त सरकारी कामाला लागतं, असं आम्ही म्हणत असू. त्या हसायच्या, पण लाटणं काही सोडायच्या नाहीत.

दोन हजार बाराला एकदाची मंजुरी आली. सगळं वायरिंग नवं, एसीचा प्लांट नवा. अडचण एवढीच की इमारत बंद करता येत नव्हती, कारण फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं जमवलेले माशांचे नमुने होते. म्हणून एकेका भागाची वीज तोडायची, तेवढं काम उरकायचं आणि वीज परत जोडायची, असं ठरलं.

ठेकेदाराच्या माणसांत प्रणित नावाचा तरुण वायरमन होता. तो हौसाबाईंच्या बहिणीचा, रंभाचा, एकुलता एक मुलगा. त्याला हे काम हौसाबाईंनीच सांगून मिळवून दिलं होतं, आणि पहिल्या दिवसापासून त्या पस्तावल्या. मला म्हणाल्या, भाऊ, मीच त्या पोराला या भिंतीत घातला, उद्या काय झालं तर रंभाला तोंड कसं दाखवू? मी नेहमीप्रमाणे थट्टेवारी नेलं.

जमिनीखालून केबलसाठी एक अरुंद भुयार होतं, त्यात शिरून जुनी केबल कापायची असे. आत जाण्याआधी प्रणित बोर्डावरचे फ्यूज उपसून काढी. चिनी मातीचे ते पांढरे ठोकळे, वायरमन लोक त्यांना किटकॅट म्हणतात. कोणी चुकून वीज जोडू नये म्हणून ते खिशात ठेवूनच काम करायची त्यांची रीत. पण भुयारात सरपटताना ते टोचतात, म्हणून प्रणित ते मावशीकडे देई आणि बजावी, मी येऊन मागीन तेव्हाच दे, दुसऱ्या कोणाला नाही. हौसाबाई ते पदरात बांधून बोर्डाखाली स्टुलावर बसत. तो बाहेर येईपर्यंत त्यांचे ओठ सारखे हलत असत. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवत. बाकीचे कामगार आवारातल्या झाडाखाली बसत.

त्या दिवशी दुपारी किशोरी मॅडम धावत आल्या. त्या आमच्या शास्त्रज्ञ, फ्रीझर त्यांच्या ताब्यात. मुळात शांत बाई, पण त्या दिवशी चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यापुरता फ्रीझर चालवणारा जनरेटर बंद पडला होता आणि आतला बर्फ वितळायला लागला होता. मागोमाग ठेकेदाराचा सुपरवायझर प्रितेश आला. खालचं काम झालंय, पोरं जेवायला बसलीत, लगेच चालू करतो, असं त्याने सांगितलं.

हौसाबाई उठून उभ्या राहिल्या. प्रणित खालीच हाय, असं त्या कसंबसं म्हणाल्या. प्रितेश म्हणाला, तो तर रोज तुमच्याबरोबरच जेवतो, जेवून कुठेतरी गेला असेल. खोटं नव्हतं ते. झाडाखाली प्रणित कधीच बसत नसे, त्यामुळे तिथे तो दिसला नाही तरी कोणाला काही वाटलं नव्हतं. हौसाबाईंनी पिशवीतून डबा काढून दाखवला.

"डबा उघडला नाय अजून," त्या म्हणाल्या.

प्रितेशने भुयाराच्या तोंडाशी जाऊन दोन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. मॅडम रडवेल्या होऊन म्हणाल्या की एकेक मिनिट महत्त्वाचं आहे, किटकॅट द्या. हौसाबाईंनी पदराची गाठ मुठीत आवळून धरली. मग प्रितेशने आपल्या बॅगेतून दुसरे किटकॅट काढले आणि तो बोर्डाकडे वळला.

हौसाबाई त्याला आडव्या आल्या आणि त्यांनी उजव्या हाताची बोटं बोर्डाच्या रिकाम्या खाचेत, उघड्या पितळी पट्ट्यांवर घातली. डोळे घट्ट मिटलेले. लाटणं स्टुलाखाली पिशवीत पडून होतं.

प्रितेश किटकॅट हातात घेऊन पुतळ्यासारखा उभा राहिला. मॅडम मटकन खाली बसल्या. मग प्रितेशला एकदम भान आलं आणि तो टॉर्च घेऊन स्वतःच भुयारात शिरला. हौसाबाईंनी बोटं काढली नाहीत, डोळेही उघडले नाहीत.

प्रणित भुयाराच्या पार दुसऱ्या टोकाला सापडला. नुकतीच कापलेली केबल त्याने दोन्ही हातांत धरली होती. हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. तो मातीने माखलेला वर आला, मावशीकडे बघून जागीच थिजला, मग हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मी आलोय. दे आता." तेव्हा कुठे त्यांनी हात काढला. गाठ मात्र सुटेना, ती प्रणितनेच सोडवली. वीज आली. काही नमुने गेले, बरेचसे वाचले. मॅडम त्याबद्दल हौसाबाईंना कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

नंतर दोघं डबा उघडून बसले, मीही शेजारी बसलो. मी म्हणालो, "हौसाबाई, बोर्डावरचा मोठा खटका प्रणितने फ्यूज काढण्याआधीच पाडला होता म्हणे. पट्ट्यांत करंट नाही हे ठाऊक होतं म्हणूनच हात घातलात ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कंचा खटका? मना वाटला, करंट हाय त्याच्यात. मी चिकटले असते, तं तुमी भिऊन थांबला असता ना."

प्रणितचा घास हातातच राहिला.