गॅरेजचा कोबा
शेजारच्या बंगल्यात काल जमिनीला इपॉक्सीचा टणक लेप लावत होते, आणि त्या उग्र वासाने मला आमच्या गॅरेजचा कोबा आठवला. अर्धांगवायूनंतर वडिलांना जिना चढवेना, म्हणून गाडी रस्त्यावर लावून त्यांची खाट गॅरेजमध्ये टाकायची ठरली. पण कोब्याची सिमेंटची धूळ सारखी उडायची आणि ते खोकून बेजार व्हायचे. दवाखान्याच्या फेऱ्यांतून वेळ काढून मी देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर एका रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “साधा रंग लवकर सोलून निघेल, ताई. इपॉक्सी लावा, वर्षानुवर्षं बघायला नको. वरून बारीक वाळू मारून घ्या, म्हणजे पाय सरकणार नाही.” घरी येऊन मी वडिलांना तसंच सांगितलं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, “एवढं टिकाऊ कशाला? मला पुरेल तेवढं साधंच लाव.” मी दमून तिथेच टेकले. लसूण सोलत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, “घरात तुम्ही एकटेच राहता का? मलाही त्याच जमिनीवर चालायचंय. इपॉक्सीच लाव गं.” वडील बऱ्याच दिवसांनी हसले. मग त्या खरखरीत जमिनीवर काठी टेकत ते दारापर्यंत जायचे, ऊन खायचे. एकदाही घसरले नाहीत. ते गेल्यावर आई वर राहायला आलीच नाही. आता खाली तिची खाट आहे. रोज सकाळी मी दोघींचा चहा घेऊन जिना उतरते आणि कामाला लागायच्या आधी थोडा वेळ तिच्याजवळ नुसती बसून राहते.