नवरीला गेर कळू नये

सोनपेठच्या आमच्या मामांचा एकच हट्ट होता: गाडीतल्या नवरीला गिअर बदललेला कळता कामा नये. लग्नसराईत त्यांची जुनी पांढरी अँबॅसिडर पोरी सासरी पोचवायची. "पोरगी आधीच रडायलीय, तिला आणि हिसका कशाला?" म्हणायचे. पंचक्रोशीतल्या निम्म्या बायका त्याच गाडीत रडल्या असतील.

मग गिअर वाजायला लागला. खर्रर्र! "क्लच लय जड यायलाय," मामा म्हणाले आणि माझ्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. परभणीच्या मिस्त्रीकडं खेपा: सोनपेठ ते परभणी, परभणी ते सोनपेठ. क्लच प्लेट बदलली, तेल बदललं, गिअरचा दांडा खोलून झाला. अहो, माझी कंबर मोडली! पण मामांना पुरे कोण म्हणणार? माझ्या लेकीचं, सुमीचं लग्न ठरलं होतं आणि तिला पिंगळीला आपणच सोडणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

शेवटच्या खेपेला मिस्त्री स्वतः बसला. चारही गिअर अलगद पडले. मामा बसले की खर्रर्र. साखरेच्या आजारानं त्यांचा डावा पाय बधिर झाला होता, क्लच पुरता दबतच नव्हता. मिस्त्रीला कळलं, मला कळलं. मिस्त्रीनं बॉनेट लावलं. "बसंल हळूहळू," मिस्त्री म्हणाला.

पाठवणीच्या गाडीत मुलीचा बाप बसत नाही. मी धास्तीनं मामांच्या शेजारी बसलो. मागं सुमी हमसून रडत होती. मामांनी फेटा सारखा केला, गिअर टाकला आणि असा हिसका बसला की सुमीचं रडणंच थांबलं.

मामांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून किल्ली माझ्या हातात दिली. "गाडी बरी हाय रे. पायच गेलाय माझा. मिस्त्रीला उगं बोल लावला."

मी चालवत होतो आणि दर गिअरला शेजारी त्यांचा डावा पाय आपोआप दाबला जात होता. बघवत नव्हतं. पिंगळीत शिरताना त्यांनी मागं वळून विचारलं, "गेर कळला का गं, माय?"

"लय कळला, आबा," सुमी म्हणाली. "पप्पांना कुठं जमायलंय तुमच्यावाणी?"

मामा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. पुढं गाडीला हात लावला नाही, पण जाईपर्यंत येईल त्याला सांगायचे, भाच्याला गेर टाकता येत न्हाई. मी शेजारीच बसलेला असायचो. मान डोलवायचो.