सदऱ्याचा तुकडा

बायको गेल्यावर तिची पेटी उघडली. डांबरगोळीच्या वासात काठ फाटलेलं हिरवं लुगडं हाती आलं, अन् पन्नास वर्षांमागची दुपार आठवली.

धाकटा भाऊ नामदेव घर सोडून रिसोडच्या हिजड्यांत राहायला गेला होता. त्या दिवशी तो साडी नेसून दारात आला. हातातल्या गोणपाटावर त्यानं आपलं नवं गणगोत मांडलं होतं. गुरूच्या पदराचा तुकडा, सोबतिणींच्या फुटक्या बांगड्या, आरशाच्या काचा, सगळं शिवलेलं.

"दादा, तुह्या सदऱ्याचा तुकडा दे. मधात जागा ठेवली."

"हिजड्यांत मले कायले शिवतं? निंघ!"

बायकोनं आपल्या लुगड्याचा काठ फाडून दिला.

"वयनी, तू तं आली ह्याच्यात," म्हणत तो हसला अन् गेला. पुन्हा आला नाही. तिकडंच मेला.

त्याच्या गोतात ती होती, मी नव्हतो. आता माझ्या गोतात कोणीच नाही.