दुसरं प्रूफ

बीडला माझं डीटीपीचं दुकान होतं तेव्हा प्रूफ वाचायच्या दोन पद्धती होत्या. आमच्याकडे प्रूफं वाचणारे गुरुजी, निवृत्त शिक्षक, ओळीखाली पोस्टकार्ड धरत आणि एकेक नाव मूळ कागदाशी ताडून लाल खूण करत. गिऱ्हाईक आधी स्वतःचा फोटो बघे, मग दुसऱ्याचा, आणि सही ठोके.

दुष्काळात एका सहकारी संस्थेनं चारा छावणी काढली. जनावरं उपाशी होती, पण छावणीला आधी उद्घाटन लागतं आणि उद्घाटनाला पत्रक. वर संस्थेच्या अध्यक्षांचा आणि उद्घाटनाच्या पाहुण्यांचा फोटो, खाली ज्यांची जनावरं घेणार त्या गावांची यादी. पहिलं प्रूफ गुरुजींनी वाचलं. शेवटचं गाव नेकनूरच्या बाजूचं, डोंगरातलं. त्यालाही खूण केली.

मग अध्यक्ष स्वतः आले.

"काय बे, पाहुण्याचा फोटू माझ्याएवढाच कावून?"

"साहेब, जागा न्हाई."

"मग कर की जागा. छावणी माझी हाय का त्याची?"

मी फोटो वाढवला. यादीची चौकट आखडली आणि शेवटची ओळ आत मावेना. असं झालं की पडद्यावर चौकटीच्या तळाशी लाल त्रिकोण दिसतो. कागदावर तो उमटत नाही. मी तो पाहिला. दुसरं प्रूफ गुरुजींकडे जायला हवं होतं. ते अध्यक्षांनी हातभर लांब धरलं, स्वतःकडे मायेनं बघितलं आणि सही केली.

"आता कसं, लई झ्याक!"

एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. पण मग फोटो लहान करावा लागला असता.

छावणीच्या दारात कारकून पत्रक घेऊन बसला होता. त्या गावची माणसं सकाळपासून उन्हात जनावरं हाकत आली.

"यादीत तुमचं गाव न्हाई."

माणसं समोर, जनावरं समोर. पण छापलेलं नाही म्हणजे गावच नाही. परत जाताना एक गाय वाटेत बसली, ती उठलीच नाही.

बोंब झाली. अध्यक्षांनी विचारलं, "प्रूफ कुणी वाचलतं?"

मी म्हणालो, "गुरुजींनी."

एसटी स्टँडवर त्या गावच्या लोकांनी गुरुजींना गाठून नको ते ऐकवलं. ते तसेच दुकानात आले.

"मी त्या गावाला खूण केलती. ते प्रूफ दाखव."

"रद्दीत गेलं, गुरुजी."

त्यांनी टेबलावरचं पोस्टकार्ड खिशात घातलं आणि गेले. पुढे कुणी त्यांना साधी लग्नपत्रिकासुद्धा वाचायला दिली नाही.

रद्दीत काही गेलं नव्हतं. परवा मी दोन्ही प्रूफं गुरुजींच्या मुलीला नेऊन दिली आणि सगळं सांगितलं. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं वडिलांच्या लाल खुणांवरून शेवटच्या गावापर्यंत बोट फिरवलं. ते प्रूफ तिनं घडी न घालता ठेवून घेतलं. दुसरं माझ्या हातात परत दिलं.

"ह्यो फोटू तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, काका."