खरपुडीचा माळ

कोकणच्या वाळूत मर्यादवेल बघायला मी भर उन्हात अनवाणी चालले आहे. सह्याद्रीच्या सड्यावर बोटभर फुलासाठी पावसात पालथी पडून राहिले, जंगलात जळवा चाववून घेतल्या. वनस्पतिशास्त्र शिकवायचं तर एवढं केलंच पाहिजे, असा माझा तोरा. निरवांगीच्या आमच्या माळावर मात्र कधी वही घेऊन गेले नाही. घरचाच तो, जातोय कुठं?

उलट काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना नेऊन तिथं खड्डे खणले आणि गिरिपुष्पाची, म्हणजे झटपट वाढणाऱ्या परदेशी झाडाची, रोपं लावली. ओसाड माळ हिरवा करायचा होता ना! आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या माळावर जन्मभर मेंढरं राखलेली. खड्ड्यापाशी उभे राहून म्हणाले, "गवताचा माळ हाय ह्यो. सावली पडली की मरंल समदं." मी हसले. शिकलेली ना मी! पुढचं रोप खड्ड्यात ठेवलं.

यंदा आबांनी अंथरूण धरलं. अन्न जाईना. श्रावणात एके सकाळी म्हणाले, "खरपुडी खावीशी वाटती गं." खरपुडी म्हणजे माळावरचा नाजूक वेल, त्याचा कंद मेंढपाळ कच्चाच खातात. मोठा घ्यायचा, बारके राखायचे आणि माती टाचेनं दाबून यायचं, ही त्यांची रीत. मी तशीच निघाले.

झाडं चांगली जोमात होती. खाली ना गवत, ना वेल, नुसता पाचोळा. दुपारपर्यंत गुडघ्यांवर रांगले. आधी झाडांना शिव्या घातल्या, मग स्वतःला. आता सगळी झाडं तोडली तरी माझ्या हयातीत काही परत येणार नव्हतं. तिथंच बसून रडले.

उठताना एका दगडाच्या कपारीत एकच वेल दिसला. आजूबाजूला दुसरा नव्हता, बारकासुद्धा. हा उपटला की इथली खरपुडी संपली, हे कळायला मला पुस्तक नको होतं. तरी काढला.

आबांनी कंद धुवायलाही दिला नाही. अंगठ्यानं माती पुसली, उलटसुलट करून बघितला.

"बारक्या ठिवल्यास न्हवं?"

"व्हय आबा. लई हायेत अजून."

त्यांचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी. कंद मोडून अर्धा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"खा की मग. सरत्यात व्हय?"

मी खाल्ला.