रापणीच्या दोरीला हात लावणारे सामंत सर

सामंत सरांची आणि माझी ओळख एका बादलीमुळे झाली. आमच्या मालवणच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवीत, मी भौतिकशास्त्र. एका सकाळी ते बादलीत दोन जिवंत माकुलं, म्हणजे स्क्विड, घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "देसाई, यांच्या मज्जातंतूतली वीज तुमच्या ऑसिलोस्कोपवर पाहायची आहे." गृहस्थांचं डोकं ठिकाणावर नाही, असं मला वाटलं.

माकुलाचा एक मज्जातंतू नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका जाड असतो. तो सोडवायला प्राणिशास्त्र, जगवायला रसायनशास्त्र आणि त्यातला संदेश मोजायला भौतिकशास्त्र लागतं. या सगळ्यांचं मिळून परदेशात मज्जाविज्ञान उभं राहिलं होतं. मालवणात ते एकट्या सरांच्या टेबलावर होतं.

माकूल जिवंतच हवं, म्हणून सर पहाटे किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं दोरीने ओढायला जात. दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा, ही आपल्याकडची रीत. सर वाटा घ्यायला संकोचले की म्हातारा बाबलो रापणकर त्यांना दटावी, "मास्तर, दोरयेक हात लावलात म्हणजे वाटो तुमचो."

एकदा मी शहाणपणाने बादलीत विहिरीचं गोडं पाणी ओतलं. माकुलं मेली. "मीच सांगायला हवं होतं," एवढंच सर म्हणाले. पुढे एकदा, फक्त एकदाच, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तंतूतल्या विजेची उसळी दिसली. सर कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

मग या संशोधनासाठी त्यांनी विद्यापीठाला अर्ज केला. त्यावर भौतिकशास्त्राच्या माणसाची सही हवी होती. स्टाफरूममध्ये सगळे हसत होते. मीही हसलो आणि म्हणालो, "सर, हा काही माझा विषय नाही." अर्ज परत आला. कोणत्याच विभागात बसत नाही, असा शेरा होता.  सर मला ऑसिलोस्कोप मोकळा आहे का, हे विचारायचे थांबले. त्यानंतर वर्षानुवर्षं ते एकटेच भिंगाखाली तंतू सोडवून चित्रं काढत राहिले. शेजारच्याच खोलीत होतो, तरी मी गेलो नाही. याची मला लाज वाटते.

आज सर साठ वर्षांचे झाले. गेल्या आठवड्यात किनाऱ्यावर पाहिलं, ते अजून दोरी ओढत होते. मी माडाआडून परत फिरलो.

सर, उद्या पहाटे मी तुमच्या मागे दोरीला हात लावणार आहे. तुम्ही धडधाकट राहा, पुष्कळ जगा. ऑसिलोस्कोप मोकळा आहे.